जुन्या गाडीचा एसी आणि नवतपा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात घरोघरचे कूलर खाली उतरतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा न्हाणीच्या पत्र्यावरून. वर्षभराची धूळ झटकली जाते, आठवडी बाजारातून वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, मागच्या वर्षी मुकाट्यानं चाललेला टुल्लू पंप यंदा हमखास अडून बसतो, आणि मग एखाद्या संध्याकाळी गल्लीभर ओल्या वाळ्याचा वास पसरतो. आमच्या उन्हाळ्याला नावं ठेवणारे पाहुणे या वासापाशी आले की गप्प होतात. एक मोठा श्वास घेतात आणि म्हणतात, "हे मात्र छान आहे हं तुमच्याकडे." मग, फुकटच उन्हाळा काढतो की काय आम्ही!

आता माझ्या घरात भिंतीवरचा एसी आहे. तरी कूलर उतरवल्याशिवाय मला उन्हाळा लागल्यासारखा वाटत नाही. आई पलंगावर बसून हुकूम सोडते, "खिडकी उघड वो सुनंदा. हवेले निघाले रस्ता नाही भेटला त कूलर कायचा थंडा करते?" कूलरचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात अंग चिकचिकतं, पापडसुद्धा नरम पडतो. म्हणून खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबरच येतं. आणि हेच शहाणपण दोन हजार आठच्या उन्हाळ्यात माझ्या अंगाशी आलं, मी विज्ञानाची शिक्षिका असूनसुद्धा.

त्या वर्षी मार्चमध्ये मी गाडी घेतली. नव्व्याण्णवचं मॉडेल, पांढरी, चार दारांची, एका दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळट. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिली चारचाकी, आणि चालवणारी बाई. घरात मी आणि आई, दोघीच. लग्न का केलं नाही हा वेगळा लेख आहे, तो मी लिहिणार नाही. तर गोंदियाच्या जुन्या गाड्यांच्या दलालानं मला शपथेवर सांगितलं, "मॅडम, डॉक्टर साहब की गाडी है. घर से अस्पताल, अस्पताल से घर, बस. एसी देखो, एकदम चिल्ड." मी हात लावून पाहिला, खरंच गार हवा येत होती. सकाळचे आठ वाजले होते. अहो, मार्चमध्ये सकाळी आठला गोंदियात काय गार नसतं? लोखंडी खुर्चीसुद्धा गार असते. पण हौसेला डोळे नसतात.

गाडी दारात आली तेव्हा आईनं किल्ली बुद्धमूर्तीपुढे ठेवली, मेणबत्ती लावली, आणि मग गाडीत बसण्याआधी चपला काढून हातात घेतल्या. "असू दे ग, घाल चपला," मी म्हटलं. "पोरी, पहिल्यांदा बसून राहिलो," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बाया 'बसलो', 'गेलो' असंच बोलतात. चौकातून एक चक्कर मारली. ती मागच्या सीटवर ताठ बसली होती, ओळखीचं माणूस दिसलं की काचेतून हात हलवत होती, आणि ओळखीचं नसलं तरी हलवत होती. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो माझ्या पगाराचा होता. खरा अभिमान कशाचा असतो ते कळायला अजून दोन महिने होते.

गाडी हौसेची असली तरी निमित्त हौसेचं नव्हतं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात आई भर दुपारी एसटीनं गोंदियाहून परतली आणि गोरेगावच्या स्टँडवर उतरताच कोसळली. ऊन लागलं होतं. मी पोचले तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे पांढरे. तीन दिवस सलाईन. डॉक्टरांनी तिला नव्हे, मला दम दिला: "पुन्हा असं उन्हातून आणलंत तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही." त्यानंतर ती मार्च ते जून दाराबाहेर पडत नव्हती. पडायची सोयच नव्हती.

आणि नेमका त्या चैत्रात मोठ्या मायचा निरोप आला. मोठी माय म्हणजे आईची थोरली बहीण. आईहून बारा वर्षांनी मोठी. आजी गेली तेव्हा आई चार वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन धानाच्या बांध्यांतून रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणारी ती हीच. आता ती अर्जुनी मोरगावच्या पुढे, प्रतापगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात लेकाजवळ राहायची. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. तारीख कोणती, तर नवतप्यातली! ज्या नऊ दिवसांत आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत त्यातली, आणि वेळ दुपारची. नवऱ्या मुलाला लष्करातून सुटी तेवढीच होती. मोठ्या मायनं स्वतः फोनवर येऊन सांगितलं, "डोरे गेले बाई माहे. आता कान आन् हात तेवढे राहिले. तेही हायेत तवरक येऊन जा."

फोन ठेवून आईनं बोटांवर वर्षं मोजली. दोघींची भेट होऊन तीन वर्षं झाली होती. संध्याकाळी भात ताटात तसाच. मग म्हणाली, "मी जातो. मेलो त मेलो."

"मरायचं नाही," मी म्हटलं. "गाडीनं जायचं, एसी लावून." मोठ्या तोऱ्यात म्हटलं मी. तोपर्यंत मी भर दुपारी एसी एकदाही लावून पाहिला नव्हता.

लावला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. शाळेतून घरी येईपर्यंत माझा पदर घामानं पाठीला चिकटला. जाळीतून येणारी हवा गरम नव्हती, पण गारही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एसीसाहेब एकदम थंड. दुपारी पुन्हा तेच. मोहल्ल्यात सल्ल्यांना कधी तोटा नसतो. कुणी म्हणालं इंजिन गरम होते, कुणी म्हणालं रंग पांढरा हाये म्हणून ठीक हाये, काळी असती त जळाली असती. एका मावशींनी तर बोनेटवर ओलं पोतं टाकायला सांगितलं. मी टाकलं नाही. पण टाकून पाहावं असं एकदा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

चूक मात्र मी त्याहून भारी करत होते. मागची काच दोन बोटं खाली. रोज! कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. हाडात भिनलेला कूलर सांगत होता, हवेला निघायला वाट पाहिजे. शिवाय बाहेरची हवा आत घेण्याची एक दांडी असते, तीही मी उघडीच ठेवलेली, ताजी हवा बरी म्हणून. म्हणजे पंचेचाळीस अंशाची लू मी आपल्या हातानं आत बोलावत होते आणि मग एसीला शिव्या घालत होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. गाडीबरोबर आलेलं मळकं पुस्तक एका रविवारी वाचलं तेव्हा उलगडा झाला. मी काच बंद केली, दांडी फिरवली, आणि आई लगेच ओरडली, "अवो बाप्पा, काच कायले लावतेस? जीव गुदमरते ना!"

"आई, हा कूलर नव्हे. हा आतलीच हवा पुन्हापुन्हा गार करतो."

"आतलीच? म्हंजे दुसऱ्यानं सोडलेली?" तिनं नाक मुरडलं. "शी!"

काच बंद केल्यानं थोडा फरक पडला, सगळा नाही. मग मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला, मुख्याध्यापकांना विचारून आणला, आणि एसीच्या जाळीत खोचला. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते, एका वेळी एकच गोष्ट बदला, निरीक्षण लिहून काढा. आता स्वतःवर वेळ आली. वहीत लिहिलं: गाडी पळते तेव्हा हवा गार. गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत गरम. सकाळी बरी, दुपारी वाईट. सुटीत घरोघरी आंब्याचं लोणचं पडत होतं आणि मी आमच्या घराच्या फाटकापुढे उभ्या गाडीत घाम गाळत अंश लिहीत बसले होते. शेजारपाजारचे येताजाता पाहून जायचे. "बाईचं डोकं फिरलं" असं कुणी म्हणालं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

गोंदियाला बिसेन मिस्त्रींचं गॅरेज होतं, गाड्यांच्या एसीचं काम करणारं. माणूस चांगला, पण मे महिन्यात त्याच्या दारात गाड्यांची रांग. त्यानं पाईपला हात लावला आणि म्हणाला, "गॅस कम है." गॅस भरला. दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा गेले. "लीक होगा." साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. पुन्हा गॅस. पुढून पाण्याचा पाईप मारून गाडीच्या तोंडाची जाळी धुतली. माझी वही दाखवली, तर तो प्रेमानं हसला. "मॅडम, इतना तो हम भी नहीं लिखते." मला आतून राग आला. बाई गाडीबद्दल काही बोलली की पुरुषांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं, गोड, आणि बहिरं.

आता या वयात मला त्याची बाजूही दिसते. मीही शाळेत तसंच हसत असे. एखादं पोर म्हणायचं, मॅडम, आमच्या आजीला ढग पाहून कळतं पाऊस कधी येणार. मी म्हणायची, बरं, बरं, आता पुस्तक उघड. आपण वहीत लिहिलेलं ते निरीक्षण, आणि आजीनं आकाशात वाचलेलं ते काय? मास्तरकीचा एक ताठा असतो. तो माझ्यात भरपूर होता. थोडा अजूनही असेल.

लग्न चार दिवसांवर आलं. सकाळी आईला गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, प्रवास करायचाच तर गाडी थंड पाहिजे, नाहीतर नाही म्हणजे नाही. तिथून तडक गॅरेज. साडेदहाचंच ऊन डोळ्यांत खुपत होतं. आईला मी कडुनिंबाच्या सावलीत बाकावर बसवलं. आणखी तीन-चार गाड्यांची माणसं तिथे होती, तांदळाचे व्यापारी असावेत, पांढरे कडक कपडे घातलेले. बिसेन मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, एसी पूर्ण सोडला, कान लावून ऐकलं आणि मान हलवली. "कंप्रेसर गया मॅडम. नागपूर से मंगवाना पडेगा. आठ दिन पकडो."

आठ दिवस. आईकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिनं नव्या पांढऱ्या साडीला फॉल लावून घेतला होता, बहिणीसाठी सातूचं पीठ दळून डब्यात भरलं होतं. रोज संध्याकाळी डबा उघडून बघायची, किडे तर नाही ना झाले.

वळून पाहते तर आई बाकावर नव्हती. ती गाडीच्या तोंडाशी उभी होती, वाकून, पदर कमरेला खोचून.

"अम्मा, हटो, पंखा चालू है!" मिस्त्री ओरडले.

ती हटली नाही. नाक पुढे करून तिनं दोनदा वास घेतला आणि सरळ झाली. "यात कोंडा जळून राहिला," ती म्हणाली.

व्यापारी हसले. मिस्त्रीही हसले. "अम्मा, गाडी में कोंडा कहाँ से आएगा? ये डॉक्टर की गाडी है."

"डॉक्टरची असो नाही त कलेक्टरची. कोंडा हाये. बावीस वर्सं मिलमंदी काम केलो बाबू. भट्टीजवळचा कोंडा तापला का असाच वास येते."

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या क्षणी माझे कान तापले ते रागानं नव्हे, शरमेनं. गोंदियातल्या लोकांत मी कधी सांगत नसे की आई राइस मिलमध्ये मजुरी करायची. कुणी विचारलं तर "घरी थोडी शेती आहे" म्हणायची. कसली शेती आणि कसलं काय! आणि आज त्या पांढऱ्या कपड्यांसमोर, ज्यांच्यातल्या कुणाच्या मिलमध्ये तिनं पोती उचललीही असतील, ती छाती काढून सांगत होती. "आई, चल, सावलीत बस," मी हळूच म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिचा दंड सोडून दिला.

"खोलून पाह्य," ती मिस्त्रींना म्हणाली. "नसन कोंडा त मी माफी मांगतो. असन त तू चहा पाज."

बिसेन मिस्त्रींचा मोठेपणा असा की त्यांनी खोललं. काहीतरी आठवलं असेल, किंवा तिच्या आवाजाचा धाक वाटला असेल. गाडीच्या तोंडाशी पातळ पत्र्यांची एक जाळी असते. आतली उष्णता बाहेर टाकणं हे तिचं काम. तिच्या मागे इंजिनाचा रेडिएटर. जाळी पुढून चकचकीत होती, कितीदा धुतलेली. पण बोल्ट काढून ती पुढे ओढली, आणि दोघांच्या मधल्या फटीतून जे निघालं ते पाहून मिस्त्रींच्या तोंडून "अरे बाप रे" एवढंच आलं. करड्या-तपकिरी रंगाचा, जाड गोधडीसारखा थर. अख्खी मागची बाजू लिंपून टाकलेली. आईनं चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला, आणि मिस्त्रींच्या नाकाखाली धरलं. "कोंडा हाये का नाही?"

कोंडाच होता. आणि थोडी कणीसुद्धा. ती गाडी कुठल्या डॉक्टरच्या दारात कधी गेली असेल नसेल, पण वर्षानुवर्षं एखाद्या मिलच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी राहिली होती एवढं नक्की. पंखा कोंडा आत ओढत गेला. आम्ही पुढून पाणी मारलं तेव्हा तो भिजला, आणखी आत गेला आणि कणकेसारखा घट्ट बसला. गाडी पळताना वाऱ्याच्या जोरावर थोडी हवा जायची, म्हणून गारवा. उभी राहिली की हवा बंद, उष्णता आतच. आणि वर गॅस भर, गॅस भर! माझ्या वहीत सगळं होतं, अगदी अचूक, फक्त उत्तर नव्हतं.

पुढचे दोन तास आईनं गॅरेज ताब्यात घेतलं. "पानी जोरानं मारू नको, पत्रे मुडपतीन. मागून मार, हळू. वाळू दे आधी, मंग कुची फिरव." मिलमध्ये चाळण्या साफ करायची ती रीत होती, आणि ती इथे तंतोतंत लागू पडली. बिसेन मिस्त्री मान खाली घालून तसंच करत होते. मग त्यांनी गॅसचा दाब मोजणारी दोन घड्याळं जोडली, निळं आणि लाल, आणि या वेळी अंदाजानं नाही, काटा बघून जास्तीचा गॅस काढला. कंप्रेसर ठणठणीत होता. गाडी उभी, इंजिन चालू, वर दुपारी एकचं ऊन. मी थर्मामीटर खोचला. पारा उतरत गेला. वीस, सोळा, बारा, नऊ. नऊवर थांबला आणि थांबूनच राहिला.

चहा आला. बिसेन मिस्त्रींनी पहिला कप आईला दोन्ही हातांनी दिला. व्यापाऱ्यांतला एक वयस्क गृहस्थ उठून बाकावर जागा करून देत म्हणाला, "बैठिये माताजी." ती बसली. चहा बशीत ओतून फुंकर घालत सावकाश प्यायली.

लहानपणी आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या साडीला, केसांना, कुशीला तोच वास असायचा. गोडसर, तेलकट, किंचित खवट. उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाच्या भट्टीचा आणि कोंड्याचा. मी शाळेत जायला लागले, मैत्रिणी झाल्या, आणि मी तिला म्हणायला लागले, आधी अंघोळ कर, मग जवळ ये. ती तशीच न्हाणीत जायची. ज्या वासाला मी दूर लोटलं त्याच वासाची ती बावीस वर्षांत पंडित झाली होती. कोंडा ओला आहे की कोरडा, ताजा आहे की शिळा, किती तापलाय, सगळं नाकानं ओळखणारी. माझ्या बीएस्सीला चार वर्षं लागली, त्यात एक वर्ष नापास. तिच्या विद्येला कुणी परीक्षाच घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली गेली, आणि ती पहिल्या नंबरानं पास झाली. परतीच्या वाटेवर मला तिच्याजवळ काही बोलायचं होतं, ते गिअर बदलण्यातच राहून गेलं.

लग्नाच्या दिवशी अकराला निघालो. कोहमाऱ्याला वळलो, नवेगावबांधचं जंगल लागलं. पळसाची पानं करपलेली, रस्त्याच्या कडेला तेंदूपत्त्याच्या गड्ड्या वाळत घातलेल्या, माणूस दिसत नव्हतं. काचेला हात लावला तर चटका बसत होता. आत जाळीतला थर्मामीटर दहावर. तरी माझा जीव मुठीत होता, कारण पळती गाडी तर पहिल्यापासूनच गार होती. गॅरेजात पास झाली असली तरी खरी परीक्षा वाटेत उभ्या गाडीची.

ती अर्जुनीजवळच्या रेल्वे फाटकावर झाली. फाटक पडलेलं, मालगाडीचा पत्ता नाही, सावलीला एक झाड नाही. दुपारचा एक वाजत आलेला. पुढे ट्रॅक्टर, त्यावर बसलेल्या माणसांनी डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळलेले. मी स्टिअरिंग घट्ट धरून थर्मामीटरकडे बघत होते. पाच मिनिटं. अकरा. दहा मिनिटं. अकराच. आरशातून मागे पाहिलं तर आई पाय वर घेऊन झोपली होती, आणि झोपेत तिनं पदर ओढून खांद्यांवर लपेटून घेतला होता. थंडी वाजत होती तिला! नवतप्यात, भर दुपारी, फाटकापाशी माझ्या आईला थंडी वाजत होती. मी एकटीच हसले, मोठ्यानं. मालगाडी आली तेव्हा डबे मोजायचंसुद्धा भान राहिलं नाही.

मांडवात पोचलो. जांभळीच्या डहाळ्यांचं छत, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातातल्या पुठ्ठ्यांनी वारा घेणारी. मोठी माय पुढच्या बाजेवर बसली होती, निर्जीव डोळे दाराकडे लावून. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, गोरेगावची आली. आई जवळजवळ पळतच गेली आणि तिच्या पुढ्यात बसली. मोठ्या मायनं चाचपडत हात पुढे केला. तो आईच्या गालावर टेकला, कपाळावर गेला, आणि थबकला. तिनं हात मागे घेतला.

"हे कोन होय?" ती म्हणाली. "माही बहीन नोहे हे. माही बहीन त उन्हातून आली असन. हे त थंडी हाये."

"मीच हावो बाई," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

त्या आवाजानं ओळख पटली. मोठ्या मायनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पुन्हा पुन्हा चाचपलं, गाल, मान, हाताची बोटं, सगळं गार. दोघी रडत होत्या, आणि मधेच मोठी माय हसत होती. "कशी आली वो तू येवढी थंडी? कोनी आनलं?"

आई माझ्याकडे वळली. "पोरीची गाडी हाये, एसीची," ती म्हणेल आणि थांबेल असं मला वाटलं, कारण ती स्वतःचं कौतुक कधी सांगत नाही. म्हणून मी पुढे झाले. मांडवातली माणसं ऐकत होती, नवरदेवाकडचीसुद्धा. घसा साफ केला आणि वर्गात बोलते तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "मोठी माय, गाडीचा एसी बंद पडल्यातच जमा होता. गोंदियाच्या मिस्त्रींनी हात टेकले होते. मलाही कळलं नव्हतं. दुरुस्त केला तो आईनं."

"इनं?" मोठ्या मायचे हात आईच्या गालांवर तसेच राहिले. "अवो, हे त मिलमंदी कोंडा भरे ना!"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."